पाच बल्बांचं गाऱ्हाणं

आमच्या मालकांनी आयुष्यात एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल असं मला वाटत नाही. रेडिओ लावला की अर्ध्या मिनिटात त्यांच्या कपाळाला आठी पडे, मग ते उठून सेटच्या मागच्या बाजूला कान लावत आणि गाणाऱ्या बाईचा पहिला आलाप संपायच्या आत रेडिओ बंद होई.

"ऐकलंत मास्तर? भुणभुण!"

मला ती भुणभुण कधी ऐकू आली नाही. काकींना, म्हणजे मालकांच्या बायकोला, आली नाही. गावात दुसऱ्या कोणालाही आली नाही. पण मालकांचं म्हणणं असं की सगळं जग ठार बहिरं आहे आणि कान घेऊन जन्माला आलेला माणूस आचऱ्यात एकच. तो कोण हे विचारायची कोणी हिंमत केली नाही, कारण उत्तर लांबलं असतं.

मालक म्हणजे घरमालक. मी खारेपाटणहून आचऱ्याच्या हायस्कुलात मास्तर म्हणून आलो तेव्हा जागा शोधत त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभा राहिलो. दुसरे घरमालक गाव विचारतात, कूळ विचारतात, मासे खाता का विचारतात. ह्यांनी माझ्या हातात जुनं वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, "वाचा." मी बटाट्याच्या पिकाविषयीची एक बातमी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "नाकात बोलता. पण चालेल, खोली मागच्या अंगाला आहे." अशा रीतीने मला जागा मिळाली आणि मी नाकात बोलतो हेही पहिल्यांदाच कळलं. पुढे वर्गात बोलताना मी महिनाभर उगाच नाकाला हात लावून बघत असे.

पन्नाशी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी आणि कमरेच्या करदोट्याला अडकवलेला पेचकस. जेवताना, झोपताना, देवळात जाताना, तो पेचकस तिथंच. मुंबईत एका रेडिओच्या कारखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती आणि साहेबाच्या कानात दोष आहे असं साहेबाच्या तोंडावर सांगून ते गावी परतले होते. घरात ते मालवणी बोलत, पण शास्त्राची गोष्ट निघाली की एकदम शुद्ध मराठीत शिरत. काकींना त्यावरूनच कळे. मालक "माका पेज वाढ" म्हणाले की सगळं ठीक, आणि "तुला सांगतो" असं सुरू झालं की त्या पेज वाढता वाढता दुसऱ्या दाराने बाहेर पडत.

त्यांचा एक ठरलेला मंत्र होता. "मोठो आवाज गाढवय काढता. बरो आवाज काढूक अक्कल लागता." हे ते भजनी मंडळाला सांगत, लिलाव पुकारणाऱ्याला सांगत, आणि आमच्या हेडमास्तरांनाही एकदा स्वातंत्र्यदिनाच्या भाषणानंतर सांगून आले होते. देवळातली घंटा अर्ध्या सुराने उतरली आहे असा शोध त्यांनी लावला तेव्हा गुरवाने शांतपणे विचारलं, "देवाक चलता मां? मगे तुमचा काय अडला?" त्या दिवसापासून मालक नमस्कार करत, पण घंटा वाजवत नसत.

तर ह्या भुणभुणीचा कायमचा बंदोबस्त करायला मालकांनी अँप्लिफायर बांधायला घेतला होता. मी राहायला गेलो तेव्हा त्या कामाला तीन वर्षं झाली होती. घरचा रेडिओ लहान, बॅटरीवर चालणारा. त्यातला क्षीण आवाज ह्या नव्या यंत्रात घालायचा, पाच काचेच्या बल्बांतून तो वाढवायचा, आणि बारा इंची स्पीकरमधून शुद्ध, निर्मळ, मालकांच्या कानाला पसंत पडेल असा बाहेर काढायचा. ते बल्ब म्हणजे व्हॉल्व्ह. पेटले की आतली तार निखाऱ्यासारखी लाल होई, म्हणून गावात त्या यंत्राला कोणी अँप्लिफायर म्हणत नसे. "मालकांचे कंदील" म्हणत.

आता ह्यात एकच अडचण होती. आमच्या गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. खांबसुद्धा आलेले नव्हते. पण विजेची वाट बघत बसणारे ते मालक कसले! त्यांनी ट्रकची एक मोठी बॅटरी मिळवली आणि तिच्या सहा व्होल्टांचे अडीचशे करणारी एक डबी आणली. ती डबी चालू झाली की स्वतःच भुंग्यासारखी गुणगुणायची. भुणभुण घालवणाऱ्या यंत्राचं पोट असं भुणभुणणाऱ्या डबीवर चालणार होतं, आणि मग त्या डबीची भुणभुण अडवण्यासाठी आणखी भाग, त्या भागांसाठी आणखी जागा. मी एकदा हे बोलून दाखवलं. मालक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि ते चार दिवस माझे मोठ्या सुखात गेले.

बॅटरी उतरली की ती एसटीच्या टपावरून मालवणला जाई. तिथं इंजिनवर चार्ज करून देणारा एक माणूस होता. बॅटरीला निरोप द्यायला मालक स्वतः स्टँडवर हजर. "उभी ठेवा, आडवी करू नका, शेजारी कोंबड्यांची खुराडी नको." परतीच्या गाडीलाही हजर. काकी वर्षातून एकदा मसुऱ्याला जत्रेला जात, तेव्हा मात्र पिशवी उचलून एकट्या चालत स्टँड गाठत. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "पुढल्या जन्माक बॅटरी व्हतलंय."

तारा जोडायचा डाख वितळवायला वीज नाही म्हणून डाखाची लोखंडी सळई चुलीत तापवायची. चूल काकींची. सकाळी नऊ वाजता एका बाजूला भाताचं आधण, दुसऱ्या बाजूला बांगड्यांचं तिखलं आणि मध्ये निखाऱ्यात खुपसलेली मालकांची सळई. ती लाल झाली की मालक स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत धावत येत. डाखाला राळ लागे, ती देवळातून धुपासाठी आणलेल्यातली. त्यामुळे आमच्या घरात दिवसभर देवळासारखा वास असे आणि तिखल्यालाही तो लागे. मी तिथं दोन वर्षं जेवलो. अजूनही कुठे धूप जळाला की मला बांगडे आठवतात.

पण सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो विकतचा मालकांना पसंत पडेना, म्हणून घरी गुंडाळायचा ठरला. काथ्या वळायचा एक जुना रहाट होता, त्यावर त्यांनी केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायला घेतली. हजारो वेढे, आणि प्रत्येक वेढा मोजून, तोंडाने, मोठ्याने. मोजताना कोणी बोललं की आकडा चुके. आकडा चुकला की मालक सगळी तार उलगडत आणि पुन्हा एकपासून सुरू. असं सात वेळा झालं. काकी जेवायची वेळ झाली की ताट आणून नाकाखाली धरत आणि तसंच परत नेत. मी तर घरात चोरासारखा पाय न वाजवता वावरत असे.

एकदा गाडी सत्तावीसशे चाळीसपर्यंत आली आणि बाहेरून मासेवालीने हाक दिली, "बांगडे होये काय गो?" मालक ताडकन उठून खळ्यात आले. त्यांनी तिला शास्त्र, शिस्त आणि देशाची अधोगती ह्यांवर शुद्ध मराठीत बरंच सुनावलं. ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "सत्तावीसशे चाळीस झाले हुते. मी पाणंदीतसून आयकत इलंय. एकेचाळीसपासून मोजा. आता बांगडे घेतास काय जावू?" मालक निमूटपणे आत गेले. त्या खेपेला ट्रान्सफॉर्मर पुरा झाला. पण त्याचं श्रेय तिला कधी मिळालं नाही.

आतापर्यंत सांगितलं ते हसण्यासारखं. ह्यापुढचं सांगताना मला अजून राग येतो.

मालकांना एकच मुलगी. मुंबईला मामाकडे शिकायला ठेवली होती, तिथं ती गाणं शिकू लागली. एका मे महिन्यात ती घरी आली तेव्हा पाहुणे जमले होते आणि काकींनी तिला गायला बसवलं. हे मी पाहिलेलं नाही, काकींनी सांगितलं. मुलगी चांगली रंगात आली होती आणि मधेच मालक म्हणाले, "थांब. तुझा षड्ज उतरतो." नुसतं म्हणून थांबले नाहीत. आत जाऊन सूर काढायचा लोखंडी चिमटा घेऊन आले, तो गुडघ्यावर आपटला आणि पाहुण्यांसमोर तिच्या कानाशी धरला. "हा सा. तुझा कुठे आहे बघ." मुलगी उठली. दुसऱ्या दिवशी मालवणहून बोट पकडून गेली ती चार वर्षं घरी आली नाही. पत्रं येत ती काकींच्या नावाने. काकींना जोडाक्षरं अडत, म्हणून ती मी वाचून दाखवत असे. त्यात शेवटी "बाबांना नमस्कार" नसे. काकी मात्र दर खेपेला विचारत, "तेंका काय लिवल्यान नाय?" आणि मी "घाईत राहिलं असेल" म्हणत असे.

एका पत्रात बातमी आली. पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं तिचं गाणं रेडिओवर लागणार होतं. मुंबई केंद्रावरून, थेट. एकदाच.

काकी भिंतीला टेकून खाली बसल्या. "रेडियोत? म्हणजे माका हयसर बसान आयकाक येतला?"

"येईल ना काकी."

"चार वर्सा झाली ओ तेचो आवाज आयकान," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दाराआड मालक उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी बघतो तर घरच्या रेडिओचं मागचं झाकण काढलेलं आणि आतला स्पीकर बाहेर ठेवलेला. अँप्लिफायर जोडायचा म्हणजे तो काढावाच लागतो म्हणे. काकी धावत आल्या.

"माका तेचो आवाज होयो. भुणभुण आसली तर आसांदे. रेडियोक हात लावू नकात!"

"माझ्या मुलीचा आवाज मी ह्या फुटक्या डब्यातून ऐकणार नाही," मालक म्हणाले.

'माझ्या मुलीचा' हे शब्द चार वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले असतील. ते ऐकून मी विरघळलो. वाटलं, आत कुठेतरी माणूस आहे. चांगला चालता रेडिओ मोडणाऱ्या माणसाला अडवायचं सोडून मी त्याला मदत करू लागलो. तापलेली सळई घेऊन चुलीपासून ओटीपर्यंत धावायचं काम माझ्याकडे आलं. पदवीधर माणूस मी, पण धावलो.

गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात दोनदा चाचणी झाली. पहिल्या खेपेला आवाज असा आला की बातम्या सांगणारा माणूस ओटीवर येऊन बसलाय असं वाटलं. दुसऱ्या खेपेला काहीच आलं नाही. का आलं नाही हे मालकांना दोन दिवस सापडलं नाही, आणि मग ते आपोआप सुरू झालं, ह्याची त्यांना जास्त धास्ती वाटली. मंगळवारी मी शाळेतून येत होतो, तर मालक आबांच्या घरातून बाहेर पडताना दिसले. आबा म्हणजे गावचं गाऱ्हाणं घालणारे. आमच्याकडे पेरणी असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी देवाला नारळ ठेवून मोठ्याने सगळं सांगायचं, यश मागायचं आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. मालकांचा ह्यावर जन्मभराचा शेरा होता की गाऱ्हाणं घालून व्होल्ट वाढत नाहीत.

"आबांकडे?" मी विचारलं.

"तसं काही नाही मास्तर. गावाला बरं वाटतं," मालक म्हणाले. आणि घरी आल्यावर माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे. यादी करा."

"कसली?"

"भागांची. देवाला मोघम सांगून चालत नाही."

मी यादी केली. पाचही बल्ब त्यांच्या नंबरासकट, घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, ती गुणगुणणारी डबी, बॅटरी, स्पीकर, माडावर बांधलेली एरियल. हसत हसत केली आणि शेवटी वळणदार सहीसुद्धा केली. त्या कागदाची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी खळ्यात तीस-चाळीस माणसं जमली. स्पीकर बाहेर बाकावर ठेवला होता. काकी नवं लुगडं नेसून अगदी पुढे बसल्या होत्या. आमच्या माडांच्या पलीकडे खाडीच्या काठी सुक्या मासळीचा व्यापार करणारं मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरच्या भाबींनी दुपारीच येऊन विचारलं होतं की आमच्याकडे छोटा रेडिओ आहे, घेऊन येऊ का? मालकांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं होतं. त्यांच्या सेटची भुणभुण म्हणे खाडीपलीकडून ऐकू येते.

आबा सव्वासहाला यायचे ते सहा वाजून बावीस मिनिटांनी आले. पाय धुतले, नारळाची शेंडी देवाच्या दिशेला केली, टोपी सारखी केली आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! बारा सीमेच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान जो काय खटाटोप मांडल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग गावातले सगळे देव, वेशीवरचे, पाणवठ्यावरचे, वाडीवाडीचे. मग पूर्वज. मग मानकरी. मग माझी यादी. आबांनी कागद हातभर लांब धरला आणि एकेका बल्बाला उजेड मागू लागले. सहा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. अँप्लिफायर बंदच होता, कारण नारळ फुटल्याशिवाय कळ दाबायची नाही असं ठरलं होतं. मी मनात म्हटलं, बसेल, वेळेत बसेल.

आणि मालक म्हणाले, "आबा, चार झाले. पाच आहेत."

आबा थांबले. आबांनी कागदाची घडी केली आणि दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "मधी तुटलेला गाऱ्हाणा फुडे जाणा नाय. परत पयल्यापासून घालूक होया."

कोणीही "राहू द्या हो" म्हणालं नाही. मीही नाही. आमच्याकडे अर्धवट गाऱ्हाण्यावर कळ दाबायची कोणाची छाती होणार? आणि मालक, ज्यांनी आयुष्यभर ह्या सगळ्याची टर उडवली, तेच घाम पुसत म्हणाले, "घाला. पयल्यापासून घाला."

"बा देवा म्हाराजा! बारा सीमेच्या..."

काकींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मास्तरानू, किती वाजले?"

"सहा बत्तीस," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि घराच्या मागच्या बाजूला गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला गेल्या असतील.

नारळ फुटला तेव्हा सहा अडतीस झाले होते. कळ दाबली. बल्ब तापायला अर्धं मिनिट गेलं, आणि मग स्पीकरमधून जो भोंगा निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. माडावरचे कावळे उठले. पोरं रडू लागली. स्पीकर ओटीवरून खळ्यात आणताना मागच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. मालकांनी कमरेचा पेचकस उपसला आणि ते यंत्रात डोकं घालून बसले. पाच मिनिटं भोंगा, गप्प, पुन्हा भोंगा. मग एकदम सगळं निवळलं आणि अतिशय स्वच्छ, भरदार, शेजारी बसून बोलावं तसा एक पुरुषी आवाज आला. त्याने मुलीचं नाव घेतलं आणि तिचं गायन आपण आत्ताच ऐकलंत असं आम्हाला सांगितलं. लगेच बाजारभाव सुरू झाले.

"ऐका!" मालक दोन्ही हात वर करून ओरडले. "आहे कुठे भुणभुण? आहे?"

खरोखरच नव्हती. कांद्याचे भाव इतक्या निर्मळ आवाजात आमच्या तालुक्यात कोणी ऐकले नसतील. मागून कोणीतरी म्हणालं, "चेडवाचो आवाज बापयासारखो कसो झालो रे?" आणि मुलीचा आवाज पुरुषाचा कसा झाला ह्यावर दोघंतिघं हसले. मालकांचे हात वरच राहिले होते. ते हळूहळू खाली आले. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं. लोक एकेक करून उठले, आबा प्रसादाचा नारळ घेऊन गेले.

थोड्या वेळाने माडांतून काकी आल्या, सोबत भाबी. काकींचे डोळे लाल होते आणि चेहरा असा उजळलेला की मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"खंय गेललंस?" मालकांनी विचारलं.

"भाबीकडे," काकी म्हणाल्या. "आयकलंय." आणि आत जाऊन त्यांनी चूल पेटवली.

मला त्या वेळी काकींना नमस्कार करावासा वाटला. आणि मालकांना गदागदा हलवावंसं वाटलं. यातलं काहीच मी केलं नाही. कागद माझ्याच अक्षरातला होता.

मुलगी काय गायली हे मालकांनी विचारलं नाही आणि काकींनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी शाळेत निघालो तर मालकांनी माझ्या हातात पोस्टकार्ड ठेवलं, पेटीत टाकायला. पोस्टकार्ड ही काही लपवायची वस्तू नव्हे, मी वाचलं. "चि. सौभाग्यकांक्षिणीस अनेक आशीर्वाद. तुझे गायन ऐकले. आवाज स्वच्छ आला. प्रगती आहे." चार वर्षांत बापाने मुलीला लिहिलेल्या ह्या पहिल्या ओळी, आणि त्यातली पहिलीच थाप. मी काकींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "लिवल्यान मां?" त्या म्हणाल्या. "मगे लिवांदे. टाका जावा."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, मालकांच्या नावाने. मालकांनी ते ओटीवर उभं राहून मोठ्याने वाचलं, म्हणजे आम्हाला ऐकू जावं म्हणून. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, असं होतं. तुमच्या कानाची पारख मला ठाऊक आहे, असं होतं. शेवटी लिहिलं होतं, "मी गायलेल्या तीन गाण्यांपैकी तुम्हाला कुठलं आवडलं आणि षड्ज कुठे उतरला, ते नक्की कळवा."

वाचणं थांबलं. मालकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि सहज गेल्यासारखे स्वयंपाकघरात गेले. काकी विळीवर नारळ खोवत होत्या.

"गाणी बरी झाली, नाय?"

"बरी झाली."

"तिनय?"

काकींचा हात क्षणभर थांबला. मग त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तिनय."

मालक एकदम हुशारले. ओटीवर येऊन बसले आणि तासभर एक पोस्टकार्ड लिहीत राहिले. माझ्याकडे देताना म्हणाले, "खोटी स्तुती मला जमत नाही मास्तर. स्पष्ट लिहिलंय."

मी मागच्या दाराने निघालो तर काकी विहिरीजवळ उभ्या होत्या. "वाचा बघू," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

"पहिल्या दोन्ही गाण्यांत षड्ज किंचित उतरला. तिसरे गाणे मात्र निर्दोष. तिसरे मला फारच आवडले."

काकींनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, अंग गदगदून हसत होत्या.

"मास्तरानू, चेडवान दोनच गायल्यान."

"काय?"

"दोनच गाणी. भाबीन सुरवातीपासून आयकल्यान, दुसऱ्यातच येळ संपलो. तीन म्हणान तेना मुद्दाम लिवल्यान हा. बापाशीचाच चेडू ता."

मी घाईने म्हटलं, "काकी, हे नको टाकूया. मालकांना सांगतो, ते दुसरं लिहितील. हे वाचून ती किती चिडेल!"

"चिडात मां. चिडान येतला हय भांडूक."

त्यांचं हसणं थांबलं होतं. विहिरीचा दोर हातात धरून त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "चार वर्सा झाली. भांडूक तरी येतला. टाका तुमी."

टपालाची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी चपला हातात घेतल्या आणि पेटीकडे धावत सुटलो.